लगीनसराईचा फॉन्ट

हमीदाबाईंचा हट्ट एकच होता, आणि तो त्यांना धड सांगता येत नव्हता, ही खरी पंचाईत.

कसबा पेठेतलं त्यांचं अक्षरजुळणीचं दुकान महिनाअखेर बंद व्हायचं होतं. लेक तरन्नुम हडपसरच्या एका कंपनीत नोकरीला. तिने तिकडेच फ्लॅट घेतला होता आणि अम्मीची खोली रंगवूनसुद्धा झाली होती. दुकानातल्या सामानाची वाटणी ठरली होती. टेबलं शेजारच्या शंभू शिंप्याला, पंखा मशिदीला, आणि तो ढेरपोट्या मॉनिटरचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला. आता त्या कॉम्प्युटरमध्ये होतं काय? तर हुसेनभाईंची अक्षरं. हुसेनभाई म्हणजे हमीदाबाईंचे यजमान, त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला आख्खा मराठी फॉन्ट, कानामात्रा-वेलांट्यांसकट, फक्त त्या एका डब्यावर दिसायचा. नव्या सॉफ्टवेअरला असल्या जुन्या जातीचे फॉन्ट चालत नाहीत. उघडायला जावं तर ते नाक मुरडतं आणि मराठी पानाच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची भेळ दाखवतं. म्हणजे कॉम्प्युटर भंगारात गेला की हुसेनभाईंचा हातही त्याच्याबरोबर गेला.

"अम्मी, सगळं वाचवतेय ना मी," तरन्नुम म्हणायची. "एक शब्द जाणार नाही."

शब्दांचं कोण विचारतंय इथे! पण हे हमीदाबाई मोठ्याने बोलल्या नाहीत. लेक सुट्टीचा शनिवार-रविवार मोडून येते, डोकं लावते, आणि आपण तिला काय सांगणार, की मला तुझ्या अब्बांच्या ह चं पोट हवंय? वेड लागलं म्हणेल.

काम आलं होतं ते विश्वजीतकडून. विश्वजीत पेठेतल्या गणेश मंडळाचा सध्याचा अध्यक्ष. मंडळाची मोठी स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात जुन्या वार्षिक अहवालांतला मजकूर घ्यायचा होता. छापील अहवाल मंडळाच्या माळ्यावर होते, ते उंदरांनी अथपासून इतिपर्यंत वाचून संपवले. उरल्या त्या हमीदाबाईंकडच्या फायली. वर्षानुवर्षं ते अहवाल याच दुकानात जुळवले होते, हमीदाबाईंच्या बोटांनी आणि हुसेनभाईंच्या अक्षरांत. "शेवटचं काम करून द्या काकू," विश्वजीत म्हणाला, आणि काकूंना नाही म्हणवलं नाही.

शनिवारी सकाळी तरन्नुम तिचा लॅपटॉप घेऊन दुकानात बसली. दुकानात मराठीच बोलायचं, घरची बोली घरी, हा हुसेनभाईंचा नियम होता. मायलेकी तो अजून पाळत होत्या. जुन्या फायली सीडीवर उतरवून तिने लॅपटॉपवर आणल्या होत्या. पानं जुळवायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्ट लिहायची सोय असते. म्हणजे हाताने करायचं काम आपण लिहून द्यायचं आणि ते त्याने निमूट करायचं.

"हे बघ अम्मी, ही डिक्शनरी," तरन्नुम म्हणाली. "शब्दकोश नव्हे हं, नाव नुसतं तसं. डावीकडे की, उजवीकडे व्हॅल्यू. की म्हणजे अब्बांच्या फॉन्टमधला नंबर. व्हॅल्यू म्हणजे त्या नंबरावर कुठलं अक्षर बसवलंय ते. मग मी स्क्रिप्टला सांगणार, जिथे हा नंबर दिसेल तिथे हे अक्षर ठेव. आणि ही साधी डिक्शनरी नाहीये, हिचे टाइप आधीच ठरवून दिलेत. डावीकडे फक्त पूर्ण आकडा, उजवीकडे फक्त मजकूर. दुसरं काही कोंबायला गेलं की लाल अक्षरांत ओरडते."

"म्हणजे खिळ्यांची केस," हमीदाबाई म्हणाल्या.

"कसली केस?"

"अगं, तुझे अब्बा आधी छापखान्यात जुळारी नव्हते का? शिशाचे खिळे ठेवायला खणाखणांची लाकडी पेटी असायची, तिला केस म्हणायचे. ज्याचा त्याचा खण. क च्या खणात ख टाकला की मालक कान उपटायचा."

"अगदी तेच!" तरन्नुमला हसू आलं. "फक्त इथे एका खणात एकच खिळा. दुसरा टाकलास की पहिला गेला. विचारतसुद्धा नाही, गेला का म्हणून."

हमीदाबाई जुन्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. तो सुरू होताना अजून म्हातारा खोकल्यासारखा आवाज करायचा. त्या एकेक नंबर दाबायच्या, पडद्यावर अक्षर उमटायचं, त्या नाव सांगायच्या आणि तरन्नुम ते डिक्शनरीत भरायची. काम तासाभराचं, पण हमीदाबाईंनी त्याला दिवस लावला. काय करणार, प्रत्येक अक्षराला काही ना काही चिकटलेलं. हा श बघ, हा त्यांनी आजारपणात झोपून काढला, म्हणून जरा कललाय. हा ळ त्यांनी दोनदा काढला. विश्वजीतचे वडील, रामदासकाका, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते. पहिलं प्रूफ पाहून म्हणाले, "हुसेनभाई, ही जिलबी उत्तम झालीये, आता ळ दाखवा." हुसेनभाई आठवडाभर धुमसत होते आणि आठवडाभर ळ काढत होते. नंतर जो ळ झाला, तो बघायला रामदासकाका मुद्दाम दुकानात आले आणि काही न बोलता चहा पिऊन गेले. पेठेत याला शाबासकी म्हणतात.

तरन्नुमने हे सगळं ऐकलं, पण तिचं लक्ष लॅपटॉपवर होतं. "पुढचा नंबर, अम्मी," असं म्हणत ती भरत राहिली.

मधे एकदा असं झालं, की दोनशे बारा नंबर विचारल्यावर हमीदाबाई बघितल्याशिवायच म्हणाल्या, "चि." चिरंजीवचा चि. टिंबासकट एका फटक्यात यावा म्हणून हुसेनभाईंनी तो जोडून एकाच की वर बसवला होता. तरन्नुमने भरला. संध्याकाळी पुन्हा सगळं पडताळताना पडद्यावर त्या जागी दिसला "कै." कैलासवासीचा.

"कै. आहे गं इथे," हमीदाबाई म्हणाल्या. "माझंच डोकं चालत नाही हल्ली."

तरन्नुमने कै. भरला. डिक्शनरीने चि. पुसून कै. ठेवला, निमूट.

स्क्रिप्ट चालली आणि बघता बघता सगळे अहवाल लॅपटॉपवर मराठीत उभे राहिले. तरन्नुमने टाळी वाजवली. हमीदाबाई पुढे झुकून बघत राहिल्या. मजकूर सगळा होता. पण तो लॅपटॉपबरोबर फुकट येणाऱ्या अक्षरांत होता, बँकेच्या नोटिशीत असतात ना, तसल्या. श सरळ होता. ळ ला कुणी कधी जिलबी म्हणालं नसतं.

"हे त्यांचं नाही," त्या म्हणाल्या.

"अम्मी, मजकूर तर तोच आहे ना? एक शब्द गेलेला नाही."

"अक्षर गेलं ना पण!"

"अक्षर म्हणजे... डिझाइन. ते आता कोण बघतं? आणि डिक्शनरीत व्हॅल्यू मजकूरच लागते, चित्र नाही बसत त्यात. मघाशी सांगितलं ना."

हमीदाबाईंना राग आला. लेकीचा आला, त्या डिक्शनरीचा आला, आणि दुखणं धड शब्दांत मांडता येत नाही म्हणून सगळ्यात जास्त स्वतःचा आला. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, तिला वेळेला स्वतःचे चार सापडेनात! त्या उठून चहा टाकायला गेल्या आणि चहात साखर घालायची विसरल्या.

तरन्नुमने प्रूफ विश्वजीतला पाठवून दिलं.

पुढच्या शनिवारी दुकानाच्या पायरीवर काठीचा आवाज झाला. रामदासकाका आले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण प्रूफ अजून तेच तपासायचे. मंडळाचे नवे लोक त्यांना घाबरून असायचे. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"हमीदाबाई, सुतकात आहे, म्हणून जरा लांबच बसतो."

"अगंबाई! कोण गेलं काका?"

"तेच विचारायला आलोय." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. तो त्यांच्या पोराच्या लग्नाच्या वर्षीचा अहवाल होता, अभिनंदनाचं पान. "वाचा."

तरन्नुमने वाचलं. "मंडळाचे उत्साही कार्यकर्ते कै. विश्वजीत आणि कै. सौ. कां. शालू यांचा शुभविवाह थाटात संपन्न झाला."

"लग्नानंतर माणसाचं हेच होतं, हे मला मान्य आहे," रामदासकाका म्हणाले. "पण आपण ते छापत नाही. आणि सूनबाईंनी सकाळी हे वाचलंय. मला अजून चहा मिळालेला नाही."

हमीदाबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की पदर तोंडाला लावावा लागला. आणि हसता हसताच त्यांना सगळं लख्ख आठवलं.

"लगीनसराई!" त्या म्हणाल्या. "अगं तरन्नुम, लगीनसराईचा फॉन्ट!"

झालं होतं असं. पेठेत बारा महिने दहाव्या-तेराव्याची कार्डं निघायची, म्हणून कै. तयार एका की वर. पण लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की पत्रिकांची रीघ लागायची आणि दर ओळीला चि. मग हुसेनभाई दरवर्षी फॉन्टची दुसरी प्रत काढायचे, कै. च्या जागी चि. बसवायचे आणि ती कॉम्प्युटरवर चढवायचे. मुहूर्त संपले की पुन्हा नेहमीचा फॉन्ट. दोन्हीचं नाव मात्र एकच. "दुसरं नाव कशाला, हात तर एकच आहे," म्हणायचे. अहवालातलं अभिनंदनाचं पान मुहूर्तांच्या दिवसांत तयार व्हायचं, श्रद्धांजलीचं गणपतीच्या तोंडावर. हमीदाबाईंच्या बोटांना दोन्ही पाठ होतं. पण डिक्शनरीला कुणी सांगितलं होतं, की पुण्यात एका खणात ऋतूप्रमाणे माल बदलतो?

"अब्बांनी आणखी काय काय बदललं असेल?" तरन्नुमने डोकं धरलं. "अम्मी, आठवतंय तुला?"

"सगळं कसं आठवेल? बोटांना आठवतं. विचारलं की नाही सांगता येत."

रामदासकाका काठी टेकत उठले. "सावकाश करा," म्हणाले. "आमची पोरं तोवर तशीच राहू देत, मेलेली."

तरन्नुम विचार करत बसली. सीडीवर दोन्ही फॉन्टच्या फायली होत्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या फोल्डरांत. नवं सॉफ्टवेअर त्या उघडत नव्हतं, पण स्क्रिप्टमधून फाईल कच्च्या आकड्यांत वाचता येत होती. अक्षराची रेघ कुठून निघाली, कुठे वळली, कुठे थांबली, याचे नुसते बिंदू. मजकुराची मजकुराशी तुलना करून काही कळणार नव्हतं. दोन फॉन्टमध्ये काय काय वेगळं आहे ते कळायला आकारच ताडून बघायला हवे होते. म्हणून तिने नवी डिक्शनरी केली. डावीकडे तोच आकडा. उजवीकडच्या व्हॅल्यूचा टाइप मात्र बदलला. मजकूर नाही, आकार.

"म्हणजे आता चित्र बसेल?" हमीदाबाईंनी विचारलं. आवाज जितका साधा ठेवता आला तितका ठेवला.

"फक्त चित्रच बसेल. मजकूर टाकला तर ओरडेल."

असल्या डिक्शनऱ्या दोन झाल्या, एक नेहमीच्या फॉन्टची, एक लगीनसराईच्या. तरन्नुमने स्क्रिप्टला सांगितलं, दोन्ही शेजारी धर आणि जे खण वेगळे असतील तेवढेच दाखव. तिचा अंदाज, चारपाच निघतील.

जवळजवळ सगळेच निघाले.

"काहीतरी चुकलंय," तरन्नुम पुटपुटली. स्क्रिप्ट पुन्हा वाचली, पुन्हा चालवली. तेच. अ वेगळा, क वेगळा, ग वेगळा. शेवटी वैतागून तिने एक खण उघडला आणि दोन्हीकडचे आकार एकावर एक ठेवून मोठे करून पडद्यावर घेतले. एक लाल रेघेत, एक निळ्या.

तो ह होता. निळा जुना, लाल नंतरचा. दोन्ही ह च, पण लाल ह ची खालची शेपटी किंचित लांबली होती आणि पोटाचा बाक जरा सैल सोडला होता. फरक केसाएवढा.

"चूक नाही गं ती," हमीदाबाई हळू म्हणाल्या. "दरवर्षी प्रत काढायला बसले की ते न राहवून सगळ्यांवरून हात फिरवायचे. मी म्हणायची, अहो पुरे आता, कुणाला कळणारे? तर म्हणायचे, मला कळतं ना. या ह वरून तर आमचं भांडण झालं होतं. हुसेनचा ह आणि हमीदाचा ह एकच, मग तो नीट नको का, म्हणे."

तरन्नुमने पुढचा खण उघडला. मग त्याच्या पुढचा. त तिने ओळखला. पाटीवर अब्बांनी तिला पहिल्यांदा गिरवायला दिला होता तो, दांडी वरून जाड, खाली येताना बारीक. तिने पेन्सिल दाबून पाटीला चीर पाडली होती आणि अब्बा रागावले नव्हते. दोन वर्षांत ती नीट रडली नव्हती. आधी दवाखान्याची धावपळ, मग कागदपत्रं, मग फ्लॅट. आता दुपारच्या उन्हात, शटर सताड उघडं असताना, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ती हमसून हमसून रडायला लागली.

"मजकूर राहिला म्हणजे झालं, असं मी तुला म्हणाले," ती म्हणाली. "अम्मी, मी असं कसं म्हणाले गं?"

हमीदाबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. त्यांनाही रडू आलं, पण त्यांच्या रडण्यात बरंचसं सुख होतं. चला, सांगावं लागलं नाही. पोरीला दिसलं.

रविवार आणि त्याच्या पुढचा शनिवार तरन्नुम त्यालाच बसली. लगीनसराईच्या पानांना चि., बाकीच्यांना कै., हे तारखा बघून एका दुपारीच उरकलं. खरा वेळ गेला तो डिक्शनरीतला एकेक आकार साफ करून त्याचा नवा फॉन्ट बांधण्यात, नव्या सॉफ्टवेअरला चालेल असा. कुठली रेघ तुटली की हमीदाबाई खांद्यावरून सांगायच्या, "इथे नाही वळत त्यांचा हात, अजून जरा खाली." आणि मग एका सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर मंडळाचा अहवाल हुसेनभाईंच्या अक्षरांत उमटला. श कललेला होता.

रामदासकाका नवं प्रूफ बघायला आले. अभिनंदनाच्या पानावर पोरगा-सून जिवंत झालेले पाहून त्यांनी नुसता हुंकार दिला. ळ पाशी जरा थांबले. मग श्रद्धांजलीचं पान काढलं, अनेक वर्षांची नावं एकत्र केलेलं. ते वाचून झाल्यावरही त्यांनी पान उलटलं नाही.

"यात एक नाव राहिलंय," ते म्हणाले. "ज्याने ही सगळी नावं काढली, त्याचं नाही. हुसेनभाईंचं घाला. मंडळ काय म्हणेल ते मी बघतो."

मग तरन्नुम लॅपटॉपकडे वळली. "कै. ची की दोनशे बारा," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"कै. कसं, बाळ," रामदासकाका म्हणाले. त्यांचा आवाज आज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "हिंदूंना कै. तुमच्यात पै. लावतात. पैगंबरवासी."

तरन्नुमने डिक्शनरी उघडली. वरपासून खालपर्यंत शोधलं, आकारांची रांगच्या रांग डोळ्यांखालून घातली. कै. होता, चि. होता, श्री. होता, सौ. होता. पै. कुठल्याच खणात नव्हता. पेठेतल्या सगळ्यांच्या जाण्यायेण्याची सोय करून ठेवणाऱ्या माणसाने तेवढाच तयार केला नव्हता.

"अब्बांनी काढलाच नाहीये, अम्मी," ती म्हणाली. "आता मी कुठून आणू?"

"सरक," हमीदाबाई म्हणाल्या.

त्या लॅपटॉपसमोर बसल्या. चष्मा सारखा केला. त्यांनी आधी हुसेनभाईंचा प दाबला. त्यावर त्यांच्याच दोन मात्रा चढवल्या. पुढे त्यांचं टिंब ठेवलं. तिघांत किंचित फट पडली होती, ती त्यांनी जवळ घेतली, हुसेनभाईंनी घेतली असती तेवढीच. मग जागा सोडून त्या पुढचं नाव जुळवू लागल्या. ह, त्याचा उकार, स, त्यावर मात्रा, न.

दोन वर्षं हे नाव दाखल्यांवर, बँकेच्या कागदांवर दुसऱ्यांनी लिहिलं होतं आणि हमीदाबाईंनी खाली फक्त सही केली होती. आज त्यांनी ते स्वतः जुळवलं. पै. हुसेन बाबालाल तांबोळी. मग त्यांनी प्रिंटची की दाबली.